घरमालकिणीची सही

काठमांडूत सिनामंगलच्या गल्लीतल्या एका घराच्या गच्चीवर बुधवारी सकाळी दोन बायका गुंद्रुकासाठी आंबवलेला पाला उन्हात पसरत होत्या. एक घरमालकीण शोभा उप्रेती, दुसरी तळमजल्यावरची भाडेकरू धनमाया. पाच वर्षांत दोघींच्या वाट्याताटल्या इतक्या मिसळल्या होत्या की कोणती कुणाची हे त्यांनाही सांगता आलं नसतं. विमानतळ जवळच होता. डोक्यावरून एक लहान विमान गेलं.

"जुना, ते तुझ्या कंपनीचं का गं?" शोभानं धनमायाच्या मुलीला विचारलं.

"माझी कुठली कंपनी, ठुलीआमा? अजून अर्जही केला नाही." शोभाला ती ठुलीआमा, म्हणजे थोरली आई म्हणायची.

"मग कर की! की आधी ढकलून सुरू करावं लागतं त्यांचं विमान?"

"तीन आहेत त्यांच्याकडे. एक उडतं, दुसऱ्याचे भाग काढून पहिल्याला लावतात आणि तिसऱ्यासमोर लोक फोटो काढतात."

शोभा पोट धरून हसली. धनमाया पाला उलटत राहिली.

जुना सत्तावीस वर्षांची होती. बापानं कतारमध्ये अकरा वर्षं वेल्डिंग करून तिला दक्षिण आफ्रिकेत विमान चालवायला शिकवलं होतं. परतून चार वर्षं झाली, परवाना कपाटात होता आणि जुना शाळकरी मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेत होती. या चार वर्षांत तिच्याजोगी सहवैमानिकांची भरती निघाली ती आता, तीही या खिळखिळ्या कंपनीत, दोन जागांसाठी. तिथल्या लोकांना तीन महिने पगार मिळाला नव्हता. अर्जाची मुदत शुक्रवारी चारपर्यंत होती.

पगाराची धाकधूक तिनं पचवली असती. अर्ज अडला होता तो वेगळ्याच कारणानं. सोबत राहत्या पत्त्याचा वॉर्ड कार्यालयाचा दाखला मागितला होता. दाखल्यासाठी नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची नक्कल हवी आणि तिच्यावर घरमालकाची सही. प्रमाणपत्रावर नाव होतं जुना बिश्वकर्मा. शोभा त्यांना रिजाल म्हणून ओळखत होती.

रिजाल हे खोटं नव्हतं. ते त्यांचं कुळाचं नाव, आणि तेच नाव बाहुनांत, म्हणजे ब्राह्मणांतही आहे. पाच वर्षांपूर्वी दारात "थर कोणता?" म्हणजे आडनाव काय, असं विचारलं गेलं तेव्हा धनमायानं नावाचा हा अर्धाच भाग सांगितला होता. उरलेल्या अर्ध्यावरून कळतं की माणूस कामी आहे, लोहाराच्या जातीचा. कामी माणसाच्या हातचं पाणी काठमांडूच्या कित्येक घरांत आजही चालत नाही. कायद्यानं तो गुन्हा आहे. घरात कायदा विचारतो कोण?

संध्याकाळी जुना आईला म्हणाली, "राहू दे, आमा. आज ना उद्या बुडणारी कंपनी. कशाला?"

"बुडेल तेव्हा बुडेल. तोवर उडशील तरी."

"आणि ठुलीआमा?"

"ती तशी नाही गं. मला ताप आला तेव्हा मऊ भात कालवून चमच्यानं भरवला तिनं."

"तो रिजाल धनमायाला भरवला, आमा."

जुनानं कागद गादीखाली सारले. तिच्यापुरता निर्णय झाला होता.

गुरुवारी जुना शिकवणीला गेली. धनमायानं कागद काढले आणि ती वरच्या मजल्यावर गेली.

"दिदी, पोरीच्या अर्जाला सही हवी होती."

"आण इकडे, त्यात काय एवढं!" शोभानं चष्मा लावला आणि हात पुढे केला.

कागद देण्याआधी धनमाया म्हणाली, "यात आमचं पूर्ण नाव आहे, दिदी. आम्ही कामी."

शोभाचा हात मागे गेला. ती म्हणाली, "खाली ठेव."

धनमायानं कागद उंबऱ्याबाहेर फरशीवर ठेवला आणि ती दोन पावलं मागे सरली. कुणी सांगितलं नव्हतं. लहानपणी गावात लागलेली सवय पाय विसरले नव्हते. शोभानं कागद उचलला, नीट वाचला, वळणदार सही केली, खाली तारीख घातली आणि तो होता तिथेच ठेवला.

"पोरीचं नुकसान नको. पण चैत संपेपर्यंत दुसरीकडे बघ, धनमाया. माझ्या मनात काही नाही. सासूबाई गेल्या त्याचं वर्ष चालू आहे, यांना वर्षभर सुतकाचं सोवळं पाळावं लागतं. तू आधीच खरं सांगितलं असतंस तर..."

"तर खोली दिली असतीस?"

शोभानं चष्मा काढून पदरानं पुसला. पुसून झाल्यावरही ती पुसत राहिली.

जुना परतली तेव्हा गल्लीत पाणी वाहत होतं. गच्चीवरची टाकी तळाच्या तोटीतून रिकामी होत होती. चैतात तिथं पाणी टँकरनंच येतं. शेजारणी बादल्या घेऊन धावल्या होत्या. "उप्रेतींकडे लॉटरी लागली वाटतं!" एक जण हसत म्हणाली. जुना वर धावली. शोभाचा नवरा आईच्या सुतकातल्या पांढऱ्या कपड्यांत टाकीपाशी उभा होता.

"टाकी धुवायची होती, पोरी."

"परवाच टँकर आला ना, बा?"

"हो." त्याची नजर तोटीवर होती. "रोज सकाळी नळ तुझी आमाच सोडायची ना."

जुना खाली आली. धनमाया खिडकीशी बसून ते पाणी बघत होती. "पाच वर्षं त्यांच्या देवाचा कलश मी भरला," ती म्हणाली, "देव काही बोलला नाही." मग सही कशी मिळाली ते तिनं सांगितलं आणि ती रडली, तोंडात पदर कोंबून, वर ऐकू जाऊ नये म्हणून.

"पोलिसात जाऊ या, आमा."

"तिनं मला भरवलंय गं. तिच्याविरुद्ध माझं तोंड उघडणार नाही."

"मग मीही अर्ज करणार नाही. असली सही मला नको."

"सही तिची असेल. ती आणायला वर गेले ती मी. अर्ज कर."

शुक्रवारी सकाळी वॉर्डाचा दाखला मिळाला. त्यानंतर मायलेकी खोली शोधत फिरल्या. पहिल्याच दारात "थर कोणता?" आलं. जुना तोंड उघडणार तोच धनमाया म्हणाली, "बिश्वकर्मा." खोली कालच गेली होती. दुसऱ्या घरी पाहुणे येणार होते. तिसऱ्या घरच्या बाईनं दार लावून घेतलं.

"आमा, आधी आत जाऊन खोली तरी बघू."

"पूर्ण नाव सांगून मिळेल तीच बघायची. पुन्हा तसली पाच वर्षं माझ्याच्यानं निघायची नाहीत."

सातव्या दारानंतर आईला एका चहाच्या दुकानात बसवून जुना कंपनीच्या कार्यालयात पोचली. चारला दहा मिनिटं होती. टेबलापलीकडच्या बाईनं कागद तपासले.

"पगाराचं ऐकलंयस ना, बहिनी?"

"ऐकलंय."

"आम्ही सोडून जायच्या गोष्टी करतोय आणि तू येतेयस." ती थकलेलं हसली. "बोलावणं महिन्याभरात निघेल. याच पत्त्यावर पाठवू?"

"तिथं आम्ही नसू."

"मग नवा पत्ता लिहून दे."

जुनानं पेन घेतलं. नाव ठळक अक्षरांत लिहिलं, जुना बिश्वकर्मा, आणि पत्त्याची ओळ कोरी ठेवून अर्ज पुढे सरकवला. ती ओळ भरणं तिच्या हातात नव्हतं. ज्यांच्या हातात होतं त्यांच्या दारांवर, मायलेकी फिरल्या त्याच गल्ल्यांत, ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या लटकत होत्या.