रविवार कोणाचा

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो. कंपनीत सगळ्यांना ठाऊक आहे आणि टेंभीपाड्याच्या आमच्या चाळीतही. त्यामुळे सत्याऐंशीच्या फेब्रुवारीतल्या त्या रविवारी मी तणतणत मैदानाकडे निघालो, तेव्हा नळावरच्या बायकांनी बादल्या बाजूला ओढून मला वाट करून दिली. कुठे निघालात, असं कोणी विचारलंसुद्धा नाही.

मी माझ्या मुलीचं नाव खो-खोच्या संघातून कमी करायला चाललो होतो.

आता यात माझं काय चुकलं, ते तुम्हीच सांगा. संपात गिरणी गेली. दोन वर्षं मिळेल ते काम केलं आणि मग इथे भांडुपलाच एका केबलच्या कंपनीत लागलो. पाळ्यांची नोकरी. पहिली पाळी असली की रत्ना उठायच्या आत मी घराबाहेर, दुसरी असली की मी येईपर्यंत ती झोपलेली. तेरा वर्षांची एकुलती एक पोर, एका खोलीत राहतो आम्ही, आणि ती किती वाढली हे मला कळायचं ते दोरीवर वाळत घातलेल्या तिच्या फ्रॉकवरून. उरला रविवार. त्या दिवशी बाजारात जाऊन मी स्वतः मासे निवडून आणायचे, रुक्मिणीने कालवण करायचं आणि तिघांनी एका वेळी जेवायला बसायचं. याहून जास्त काही मी मागितलं नव्हतं.

तर गणपतीनंतर रत्ना काशीराम सरांच्या क्रीडा मंडळात जायला लागली. शाळेच्या मैदानावर दर रविवारी सकाळी सात ते बारा सराव. मुलगी एकटी कशी पाठवायची म्हणून तिच्याबरोबर तिची आई. म्हणजे माझ्या एकुलत्या एका सुट्टीच्या दिवशी घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. दुपारी दोघी यायच्या त्या धुळीने माखून. रत्ना भात कालवता कालवता पेंगायची.

"आठवड्यातून एक दिवस मिळतो मला," मी म्हणायचो.

"आणि तिला?" रुक्मिणी म्हणायची. तिचा आवाज कधी चढत नाही, त्यामुळे भांडायची पंचाईत होते. "अजून चार-पाच वर्षं. मग लग्न होईल, पोरंबाळं होतील. तेव्हा कोण म्हणणार आहे तिला, जा बाई, तासभर धावून ये?"

यावरचं उत्तर मी कॅन्टीनमध्ये जाऊन द्यायचो. तिथे माझं सगळ्यांना पटायचं. रविवार घरचा, मी टेबलावर हात आपटून सांगायचो. पोरगी घरात दिसली पाहिजे. माझ्या पाळीतला धोंडू, पॅकिंगमधला तुळशीदास, सगळे माना डोलवायचे. धोंडू तर म्हणायचा, "जयवंता, तू बोलतस ता एकदम बरोबर."

शनिवारी रात्री मी घरात जाहीर केलं, "उद्या रत्ना कुठेही जाणार नाही." रत्ना आईकडे बघायला लागली. रुक्मिणी भांडी घासत राहिली. मी समजलो, जिंकलो.

सकाळी मासे घेऊन आलो तर दाराला कुलूप. किल्ली शेजारच्या शांताबाईंकडे. आत गेलो. पाणी भरलेलं, तांदूळ निवडून ठेवलेले, खोबऱ्याचं वाटप करून त्यावर झाकण, कोकमं भिजत घातलेली. बाई चारला उठली असणार. बोट ठेवायला कुठे जागा नाही, याचाच मला जास्त राग आला. मासे पाण्यात टाकले, शांताबाईंच्या मांजरासाठी दार घट्ट लावलं आणि निघालो.

मैदानाला कमरेएवढी भिंत आहे. माझी अशी समजूत होती की आया त्या भिंतीला टेकून गप्पा मारत बसत असतील. भिंतीपाशी एकही आई नव्हती. मैदानात दोन खांब, त्यांच्यामध्ये एका रांगेत आठजणी उकिडव्या बसलेल्या, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. बसलेल्या सातजणी निळ्या फ्रॉकमध्ये होत्या. आठवी हिरव्या नऊवारीत होती.

ते लुगडं मी ओळखलं. माझ्या आईचं. दिवाळीत रुक्मिणीने ते ट्रंकेतून मागून घेतलं होतं आणि मला वाटलं होतं, गोधडी शिवायची असेल.

तेवढ्यात रत्ना मागून धावत आली, आईच्या पाठीवर थाप मारून "खो!" म्हणून ओरडली आणि तिच्या जागेवर बसली. आणि माझी बायको उठून धावली. अशीतशी नाही. दोन्ही हात मातीला लावून, टाचा उचलून ती बसली होती, ती थाप पडताच सुटली. पुढे पळणारी मुलगी दोन हातांवर होती. ती काही सापडली नाही. पण पोरगी जिकडे वळली तिकडे बरोबर पुढच्या मुलीला खो देऊन रुक्मिणी खाली बसलीसुद्धा.

"ताई, थाप देण्याआधी खो म्हणालात!" काशीराम सर शिट्टी फुंकून ओरडले. "फाऊल!"

"चुकलं, सर," रुक्मिणी म्हणाली.

पंधरा वर्षांच्या संसारात हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. मी नुसता बघत उभा राहिलो. घरी पाटावरून उठताना गुडघ्यावर हात ठेवणारी बाई ही.

रत्नाने मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. सरांनीही पाहिलं. पन्नाशीचा वाळका माणूस, शाळेत शिपाई, आणि हे मंडळ स्वतःच्या हौसेने चालवणारा. माझ्याजवळ येऊन ते म्हणाले, "मुलीला न्यायला आलात ना? ताई म्हणाल्या होत्या, तुम्ही याल म्हणून."

"तिचं नाव कमी करायचंय," मी म्हणालो, पण जोर ओसरला होता. "ही... ही का बसलीय तिथे?"

"मग कोण बसणार? आठ बसल्या, नववी पाठलागाला, आणि जिचा पाठलाग करायचा ती दहावी. दहा नसतील तर सराव होत नाही. दिवाळीपर्यंत बारा मुली होत्या माझ्याकडे. एकामागून एक तिघी बंद झाल्या. राहिल्या नऊ. ताई म्हणाल्या, सर, मला शिकवा, मी बसते. तेव्हापासून एक रविवार चुकला नाही त्यांचा."

"तिघी का बंद झाल्या?"

सरांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "ताई बोलल्या नाहीत तुम्हाला? धोंडूची विमला, तुळशीदासची पोरगी आणि त्यांच्या शेजारची एक. तुमच्याच कंपनीतले बाप. म्हणतात, जयवंत सांगतो ते खरं आहे, रविवार घरचा."

म्हणजे मी कॅन्टीनमध्ये टेबलं बडवून तीन पोरींना घरी बसवलं होतं आणि त्या रिकाम्या जागेवर माझी बायको, माझ्या आईचं लुगडं नेसून, गपचूप बसत होती. हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला एका शब्दाने बोलली नव्हती. मला तिचा असा काही अभिमान वाटला आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की दोन्हीतलं आधी काय वाटलं ते आजही सांगता येणार नाही.

"जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी आज बाराला नावं द्यायचीत," सर सांगत होते. "गेल्या वर्षी नऊच नेल्या, एकीचा पाय मुरगळला आणि हात हलवत परत आलो. म्हणून मंडळाने ठरवलंय, निदान एक राखीव हवी, नाहीतर संघ नाही. ताईंचं नाव तर घालता येत नाही. आणि तुम्ही रत्नाला नेलीत तर आठच उरतात. मग मी नुसतं कुलूप लावतो."

रत्ना माझ्यासमोर येऊन उभी होती. मला वाटलं रडेल. रडली नाही. "बाबा, मी पुढच्या रविवारपासून येणार नाही," ती म्हणाली. "पण आज नावं देऊ देत."

"खेळ तू," मी म्हणालो. "सर, बारा वाजायच्या आत येतो."

धोंडूच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. टीव्हीवर रविवारची पौराणिक मालिका चालू होती आणि अर्धी चाळ धोंडूच्या खोलीत कोंबलेली. मी दारातून हाक मारली. तीन वेळा मारली, तेव्हा तो चडफडत बाहेर आला.

"विमलाला मैदानावर पाठव," मी म्हणालो.

"खुळावलंस काय रे?" धोंडू म्हणाला. "तूच सांगितलंस मा, रविवार घरचो? पोरगी घरात दिसूक होयी?"

"सांगितलं. चुकलं माझं."

"वा रे वा! तुझा चुकला म्हणून मी रविवारी पोरीक धुळीत लोळाक पाठवू? आठवड्यातून एक दिस गावता माका."

अगदी माझेच शब्द. माझ्याच सुरात. ते ऐकायला इतके हट्टी आणि इतके केविलवाणे वाटतात, हे मला त्या दिवशी कळलं. भांडून उपयोग नव्हता, त्यातलं प्रत्येक वाक्य माझ्याच पोतडीतलं होतं. म्हणून मी जे पाहिलं होतं तेच सांगितलं. "धोंडू, तुझ्या पोरीच्या जागेवर माझी बायको बसते. दिवाळीपासून. लुगड्याचा काष्टा घालून, भर मैदानात, पोरी घालवल्या मी आणि बसते ती."

धोंडू आत वळायला लागला. पण दारात त्याची बायको शेवंती येऊन उभी राहिली होती. "रुक्मिणीवयनी?" ती म्हणाली. "खो-खोक बसतत?" आणि उत्तराची वाट न पाहता आत वळून ओरडली, "विमल! ऊठ गो! तो टीव्ही पळान जाणा नाय. फ्रॉक घाल!"

विमला आमच्या पुढे धावत गेली. मागून मी, माझ्यामागे खात्री करून घ्यायला धोंडू आणि धोंडूमागे शेवंती. सव्वादहाला सरांनी भिंतीवर कागद ठेवून दहा नावं लिहिली. रत्नप्रभा जयवंत, तिसरं नाव. मी वाचून घेतलं.

विमला रांगेत जायला निघाली तशी रुक्मिणी जागेवरून उठली. तिने विमलाच्या डोक्यावरून हात फिरवला, ओच्याची धूळ झटकली आणि भिंतीपाशी येऊन उभी राहिली. सुटली बिचारी, असं मी म्हणणार होतो. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. ती त्या रांगेकडेच बघत होती. मुलीसाठी म्हणून ती बसली होती हे खरं, पण एवढंच खरं नव्हतं. माझ्या बायकोला घरी यायचं नव्हतं.

कोण म्हणणार आहे तिला, जा बाई, तासभर धावून ये. हे ती रत्नाबद्दल म्हणाली होती, असं मी आजवर धरून चाललो होतो.

"सर," मी मोठ्याने विचारलं, "सामन्यात पळायला कितीजणी असतात?"

"तीन. आज एकच आहे, काय करणार?"

"मग हिला घ्या ना."

"काहीतरीच काय!" रुक्मिणी म्हणाली. "बसते ते वेगळं. पळायचं कसं मला..." पण पदर तोवर कमरेला खोचून झाला होता.

सरांनी शिट्टी दिली. पाठलागाला रत्ना होती, संघातली सगळ्यात चपळ पोर, आणि ती आईवर मुळीच दया दाखवणार नव्हती. रुक्मिणी खांबाला वळसा घालून निसटली, बसलेल्या दोघींच्या मधून पलीकडे गेली. रत्नाने खो दिला, विमला उठली, तोवर रुक्मिणी पुन्हा अलीकडे. शेवंतीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. धोंडू भिंतीवर चढून बसला होता.

आमच्याकडे नवरा बायकोला चारचौघांत नावाने हाक मारत नाही. मी पंधरा वर्षं 'अगं' नाहीतर 'रत्नाची आई' यावर भागवलं होतं. पण जीव तोडून धावणाऱ्या माणसाला 'अगं' म्हणून कसं चालेल?

"रुक्मिणी!" मी ओरडलो. "पळ, रुक्मिणी!"

ती पळतच होती. वळून बघायला तिला वेळ नव्हता.