पालखीचे टी-शर्ट

भट्टीपुढे काय घालावं हे कंपनीच्या सेफ्टी ऑफिसर संघमित्रा मॅडमनी धनेशला आमच्यादेखत सांगितलं होतं. जाड सुती कोट घ्या, पॉलिस्टर नको, ते वितळून कातडीला चिकटतं. धनेशने मान डोलावली. माणूस गोडबोल्या, करणार स्वतःच्याच मनाचं.

धनेश घणसोली गावातला, आमच्या कारखान्याचा लेबर ठेकेदार. गावची पालखी एकविरेला निघते तेव्हा सगळ्यांचे टी-शर्ट छापून आणायचा मानही त्याचाच. यंदा ढीगभर उरले. चकचकीत पॉलिस्टर, पाठीवर देवीचा फोटो. तेच त्याने आम्हा भट्टीवाल्यांना वाटले.

"ह्ये सेफ्टीचं कपडं?" निकेशने विचारलं. निकेश त्याच्या बहिणीचा, जागृतीचा नवरा. दुसऱ्या कुणाची विचारायची छाती नव्हती.

"दाजी, आईचा फोटो हाय. नको असंल तर तुमी आईला सांगा. मना नको."

आता देवीला नको कोण म्हणणार? सगळ्यांनी मुकाट्याने घातले.

आठवड्याच्या आतच भट्टीचं दार उघडताना जाळ बाहेर आला. निकेशची पाठ तिकडे होती. आग आम्ही विझवली, पण टी-शर्ट निघेना. "ओढू नका," मॅडम धावत येत म्हणाल्या, तोवर आम्ही ओढला होता. सोबत पाठीची सालं आली.

हॉस्पिटलात निकेश पालथा पडलेला, शुद्धीत, पण आवाज निघत नव्हता. कंपनीचे साहेब आले, त्यांनी नियम सांगितला. टी-शर्ट ठेकेदाराने दिला असेल तर ठेका रद्द आणि उपचार ठेकेदाराच्या अंगावर. निकेशने घरून घातला असेल तर चूक निकेशची. त्यांनी जागृतीला विचारलं. धनेश तिला खेटून उभा होता.

"त्यांचाच व्हता, घरून घातलेला," ती म्हणाली. "पालखीची लय हौस त्यांना."

"खोटं आहे हे," मॅडम म्हणाल्या.

"बायको स्वतः सांगतेय, मॅडम." साहेबांना हेच हवं होतं, कंपनीवर काहीच येत नव्हतं. मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं. आम्हाला उद्या धनेशच्याच हाताखाली कामावर जायचं होतं. आम्ही खिडकीबाहेर पाहू लागलो. थू आमच्या जिण्यावर.

निकेशचे ओठ हलले. जागृती वाकली. मी खाटेला लागून उभा होतो, मला स्पष्ट ऐकू आलं.

"जागू, खरं सांग ना."

"काय म्हणतात?" साहेबांनी विचारलं.

तिने पदराने त्याचं तोंड पुसलं.

"दुखतंय म्हनतान," ती म्हणाली.