वेनिंगचं मागणं

"वन्सं, पोरीच्या डोक्यात तुम्ही काही भरवलं नाही ना?"

तुर्याती माझ्या दारात उभी होती. पाठीवरचं कोंबडखताचं पोतंही तिने उतरवलं नव्हतं. त्याचा वास तिच्याआधी घरात शिरला होता. ही माझ्या धाकट्या भावाची बायको. एरवी एका शब्दात भागत असेल तर दुसरा काढणार नाही, आणि आज धापा टाकत चढण चढून आली होती.

"मी काय भरवणार? झालं काय?"

"वेनिंग म्हणते, माझ्या जटा काढा. आई जायच्या आधीच काढा म्हणते."

मी हातातला विळा खाली ठेवला.

आमच्या डोंगरावर काही पोरांना लहानपणी ताप भरतो, आणि ताप उतरला की केसांच्या जटा झालेल्या असतात. त्या आपण मनाने कापायच्या नसतात. पोरानेच एक दिवस म्हणायचं, काढा. आणि ते जे मागेल ते आधी द्यायचं. मागणं पोराच्या मनातलंच लागतं, शिकवलेलं चालत नाही. मनातलं मिळालं नाही तर पुन्हा ताप आणि पुन्हा जटा. एका पोराने गावप्रमुखाच्या गालावर एक चापट मागितली होती. प्रमुखाने मुकाट्याने गाल पुढे केला. त्या दिवशी शेतात कोणी गेलं नाही, सगळे बघायला आले होते.

वेनिंग काय मागेल याचं मात्र कोणाला हसू येत नव्हतं. तुर्यातीचं तैवानला जायचं ठरलं होतं, तिथल्या कुणा म्हातारीची सेवा करायला, तीन वर्षांसाठी. सहा वर्षांच्या पोरीने 'आईने जाऊ नये' एवढं म्हटलं की सगळं तिथेच संपणार होतं.

"तेच मागितलं तर?" तुर्याती म्हणाली.

"तर राहशील घरी."

"आणि खायचं काय? बटाटे?"

आमचा डोंगर पार शेंड्यापर्यंत खणून आम्ही बटाटे लावले. दर पावसात माती वाहून खाली तळ्यात जाते आणि बटाटे दरवर्षी लहान होत जातात. गेल्या खेपेचे तर पोरांनी गोट्या म्हणून खेळायला नेले. पाऊस सरला की दव गोठतं. त्याला आम्ही विषारी दव म्हणतो, कारण एका पहाटेत ते उभं शेत काळं करून टाकतं. माझा भाऊ सार्विदी स्वतः जायला तयार होता, पण तिकडे म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला बायकाच हव्या असतात. ज्या घरची बाई गेली त्या घराला फरशी आली. तुर्यातीला फरशीचं काही नव्हतं. तिला खाली उतारावर, जिथे दव गोठत नाही तिथे, जमिनीचा एक तुकडा हवा होता. लग्न होऊन आल्यापासून ती तेवढं एकच बोलत आली होती.

त्या दिवसांत ती माझ्यावर सराव करायची. मी चटईवर आजारी म्हातारी होऊन पडायचं आणि तिने मला कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, उचलून बसवायचं. मधूनमधून तिकडच्या भाषेत काहीतरी म्हणायची.

"काय म्हणतेस मला?"

"दुखतंय का, असं विचारते."

"दुखतंय की. बटाट्याचं पोतं उचलल्यासारखं उचलतेस. ती म्हातारी पहिल्याच दिवशी तुला हाकलून देईल."

तुर्याती हसली. वेनिंग उंबऱ्यावर बसून बघत होती. जटा खांद्यापर्यंत आलेल्या, हनुवटी गुडघ्यांवर.

"आई, तुझी म्हातारी किती दिवस आजारी राहणार?"

"तीन वर्षं."

"मधेच मरणार नाही?"

"असं बोलू नये गं."

"मेली तर तू येशील ना?"

तुर्यातीचे हात माझ्या पाठीवर थांबले. वेनिंग उठून माझ्या शेजारी येऊन आडवी झाली. "आता मला वळव," म्हणाली. मग तिच्या आईने तिला वळवलं, तिची पाठ पुसली आणि तिलाही दुखतंय का विचारलं. वेनिंगने मान हलवली, पण हो की नाही ते मला कळलं नाही.

रोज नमाज झाला की तुर्याती हात पसरून पुटपुटायची, "पोरीला दुसरं काहीही मागू दे." कुठल्याच आईवर अशी दुवा मागायची पाळी येऊ नये. वेनिंग बाजूलाच बसून तिचं संपायची वाट बघत असायची. मी सार्विदीला म्हटलं, पोरीला जरा बाजार दाखवून आण, सायकली बघ म्हणावं. तो माझ्यावरच उखडला. "अक्का, शिकवलेलं चालत नाही, ठाऊक आहे ना तुला?" मी म्हटलं, बघणं म्हणजे शिकवणं नव्हे. तरी तो काही गेला नाही.

जटा काढायचा दिवस आला. अंगणात भाताची रास, वर लाल मिरची, आणि अर्धं गाव. जटा कापण्याचा मान दारमाजी आजोबांचा. ते वेनिंगसमोर उकिडवे बसले.

"बोल बाय, काय हवं तुला?"

वेनिंगने आईकडे पाहिलं. तुर्यातीने डोक्यावरच्या रुमालाचं टोक घट्ट मुठीत धरलं होतं.

"बदक," वेनिंग म्हणाली. "दोन. पांढरी."

"अजून काही?"

"नाही. बदकच."

लोक हसले. या थंडीत आमच्याकडे बदक कोण पाळतं? सार्विदीने दुचाकी काढली आणि खालच्या गावातून, हँडलला पिशवी लावून, बदकं घेऊन आला. मग आजोबांनी एकेक जट कापून पांढऱ्या कापडात बांधली आणि ओढ्यात सोडली. तुर्याती भात वाढायला आली नाही म्हणून मी आत गेले, तर चुलीपुढे बसून रडत होती.

"आता गं काय? सुटलीस ना?"

"तिने मला मागितलंच नाही, वन्सं."

मी तिच्या हातातला डाव काढून घेतला आणि भात वाढायला गेले. अशा वेळी दुसरं काही सुचत नाही मला.

पुढच्या महिन्यात दव गोठलं आणि निम्मं शेत काळं पडलं. आता जाण्याबद्दल कोणाच्या मनात शंका उरली नाही. बदकं बिचारी चुलीजवळून हलत नसत. तुर्यातीची निघायची तारीख जवळ आली आणि वेनिंगला ताप भरला. अंग नुसतं तव्यासारखं. सार्विदी म्हणाला, हवा बदलली. मीही म्हटलं, हवाच. तुर्याती रात्रंदिवस पोरीपाशी बसून राहिली. निघायच्या आदल्या दिवशी ताप उतरला.

सकाळी बटाट्यांच्या गाडीतून ती शहरापर्यंत जाणार होती. पिशवी दाराशी ठेवून ती पोरीची वेणी घालायला बसली. कानामागून फणी खाली आली आणि मानेपाशी अडकली. तिने हळूच सोडवून पाहिलं, मग बोटांनी चाचपलं. मी वाकून पाहिलं. करंगळीएवढी होती, पण जटच होती.

"वेनिंग," तुर्याती म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेला होता की मला जेमतेम ऐकू आला. "आजोबांनी विचारलं तेव्हा तुझ्या मनात काय होतं?"

"बदक."

"खरं सांग. मी रागावणार नाही."

"बदकच होतं. मिळालं ना मला."

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. सार्विदी हाका मारत होता. तुर्यातीने माझ्याकडे पाहिलं. मी सांगेन ते ती ऐकणार होती, राहा म्हटलं असतं तर राहिली असती.

तेवढ्यात वेनिंग उठली. तिने खुंटीवरची लोकरीची टोपी घेतली, डोक्यात घातली आणि दोन्ही हातांनी मागून मानेपर्यंत खाली ओढली.

"आई, गाडी थांबलीय," ती म्हणाली.