पाठीवरचे दोन थर

झावेनने शर्ट काढला की आत अजून एक स्वेटर राहिलाय की काय असं वाटायचं. ग्लेनडेलमधल्या आर्मेनियन घरांत हे काही नवल नव्हतं. त्याच्या वडिलांचे, काकांचे, चुलत भावांचे, सगळ्यांचे खांदे असेच केसाळ. लग्नाआधी शुशानला त्याचं काही वाटलं नव्हतं. नारेक झाला आणि सगळं बदललं.

नारेक सात महिन्यांचा असताना एका सकाळी त्याच्या पायाच्या करंगळीभोवती एक काळा केस गुंडाळलेला सापडला. करंगळी जांभळट पडली होती. शुशानने श्वास रोखून नखकात्रीने तो केस कापला आणि त्याच दुपारी डॉक्टर गाठले. डॉक्टरांनी बोट दाबून पाहिलं, काही झालं नाही म्हणाले. असे केस बहुतेक वेळा आईच्याच डोक्याचे असतात, बाळंतपणानंतर गळतात ना, असंही म्हणाले. पण केस बोटभर लांब होता आणि कुरळा होता, एवढंच शुशानने मनात धरून ठेवलं. त्या दिवसापासून झावेनने उघड्या अंगाने बाळाला उचललं की तिचा जीव खालीवर व्हायचा. ती मागून जाऊन नारेकची बोटं एकेक करून तपासायची.

आठवडाभर हे पाहिल्यावर झावेन म्हणाला, "काढून टाकतो."

"काय काढून टाकतोस?"

"अस्वल."

ती हसली. नको म्हणाली नाही.

अशा कामासाठी परक्या दवाखान्यात जायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. वार्तुही, म्हणजे शुशानच्या सासूबाई, आणि सिरानुश मायदेशी, येरेवानच्या शाळेत एका बाकावर बसायच्या. आता सिरानुशचं इथे ब्युटी पार्लर होतं आणि मागच्या खोलीत केस काढायचं लेझरचं मशीन. "आपल्या माणसाचा केस आपल्याच माणसाला कळतो," असं ती म्हणायची आणि निम्मं ग्लेनडेल तिच्याकडे जायचं.

पहिल्या वेळी फक्त खांदे केले. शुशान बाहेर बाळाला घेऊन बसली होती. आतून जळक्या केसांचा वास येत होता आणि दर दोन सेकंदांनी झावेनचं "आई गं!" ऐकू येत होतं. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

"तापलेलं रबर ताणून मारतात तसं वाटतं," तो म्हणाला. "एक नाही, हजार रबरं."

"पुरुषांचं असंच," सिरानुश दारात उभी राहून हसली. "बायका पाय करून घेताना माझ्याशी रेसिपी बोलतात. पुढच्या वेळी पूर्ण पाठ आणि छाती करायची आहे ना? थांब, तुला मलम देते. यायच्या आधी तासभर लावून वर प्लॅस्टिक गुंडाळायचं. चामडी दगड होते, काही कळत नाही." तिने कपाटातून एक पांढरी बरणी काढून शुशानच्या हातात दिली. बरणीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. "हात आखडता घेऊ नकोस गं."

जुलैतल्या त्या शनिवारी सकाळी झावेन स्वयंपाकघरात स्टुलावर उघडा बसला. आदल्या दिवशी शुशानने त्याची पाठ आणि छाती वस्तऱ्याने तासून दिली होती. पहिल्यांदाच ती त्वचा दिसत होती, पिठाच्या गोळ्यासारखी पांढरी, लाल ठिपक्यांची. तिने हातमोजे घातले आणि मलम फासायला सुरुवात केली. वार्तुही बाळाला मांडीवर घेऊन बघत होत्या.

"हे काय, लोणी लावतेस की रंग देतेस?" त्या म्हणाल्या. "दे इकडे."

"एवढं पुरे नाही का, आई?"

"मागच्या वेळी माझा लेक रडला. तू बाहेर बसून ऐकलंस, मी ऐकलं असतं तर माझं काळीज फाटलं असतं. या घरात कोणाला कधी मोजून वाढलंय का आपण?"

आणि त्यांनी बाळाला त्याच्या उंच खुर्चीत बसवून दुसरा थर दिला. खांद्यापासून कमरेपर्यंत, छातीपासून पोटापर्यंत, बरणीचा तळ बोटाने पुसून. मग दोघींनी मिळून अन्न झाकायच्या गुंडाळीतलं पारदर्शक प्लॅस्टिक त्याच्याभोवती गुंडाळलं. झावेन हात वर करून गोल गोल फिरत होता.

"पानात गुंडाळलेला डोल्मा झाला माझा," तो म्हणाला. "आता शिजवा."

सगळे हसले. नारेकसुद्धा हसला.

नारेकला परत हातात घेण्याआधी शुशानने हातमोजे काढले आणि तीनदा साबणाने हात धुतले. बरणीवर नाव नाही, कोण जाणे आत काय असेल, बाळाच्या तोंडात जायला नको. तिच्या घरात बाळाच्या बिस्किटापासून कपड्याच्या साबणापर्यंत एकही वस्तू पाठीमागचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय येत नव्हती. धुतलेल्या हातांनी तिने ती रिकामी बरणी उचलली आणि सवयीने पिशवीत टाकली. सिरानुशला परत द्यायची होती.

सीटला तेलकट डाग नकोत म्हणून झावेनने वरून जाड स्वेटशर्ट चढवला. अकरा वाजता ते निघाले. शुशान गाडी चालवत होती, तो शेजारी, मागे वार्तुही आणि खुर्चीत पट्ट्याने बांधलेला नारेक. बाहेर ऊन रणरणत होतं.

"तोंडात चमचा ठेवल्यासारखं वाटतंय," झावेन म्हणाला.

"म्हणजे?"

"लोखंडाचा. आणि ओठ... ओठांनाही मलम लावलंत का तुम्ही?"

"नाही रे," मागून वार्तुही हसल्या. "चामडी दगड होते म्हणाली ना सिरानुश."

पुढच्या सिग्नलला शुशानने त्याच्याकडे नीट पाहिलं. पाहणं ही तिची खोडच झाली होती. बाळाचा रंग, श्वास, नखं, ती झोपेतसुद्धा पाहायची. झावेनची नखं निळसर दिसत होती. मांडीवरच्या हाताची दोन बोटं आपोआप उडत होती.

"कानात भुंगा शिरलाय कुठलातरी," तो म्हणाला. शब्द दारू प्यायल्यासारखे लांबत होते.

"आई, सिरानुशमावशींना फोन लावा. आत्ता."

वार्तुहींनी लावला. स्पीकरवर सिरानुशचा आवाज आला, मागे हेअर ड्रायरची घरघर. "अगं, उन्हाने झालं असेल. थंड ताक द्या त्याला. आणि प्लॅस्टिक काढू नका हां, एवढं मलम फुकट जाईल."

"ऐकलंस ना," वार्तुही म्हणाल्या. "पाच मिनिटांवर आलंय पार्लर. चल तशीच."

शुशानने गाडी चालवली. सिग्नल सुटला आणि ती पार्लरच्याच दिशेने निघाली. सिरानुश मोठी होती, सासूबाई मोठ्या होत्या, आणि तिला सगळे भित्रीच म्हणायचे. गेल्याच महिन्यात नारेकला उचकी लागली म्हणून तिने रुग्णवाहिका बोलवायला फोन हातात घेतला होता. घरचे ते अजून जेवणाच्या टेबलावर सांगून हसत होते.

मग झावेन म्हणाला, "शुशान, बाळ कुठेय?"

नारेक त्याच्या बरोबर मागे बसून मोठ्याने बडबडत होता.

तिने स्टिअरिंग फिरवलं. उजव्या हाताला गाड्या धुण्याचं ठिकाण होतं, ती सरळ आत घुसली, रांगेतल्या पहिल्या गाडीच्या पुढे. कोणीतरी हॉर्न वाजवला. तिने उतरून झावेनचं दार उघडलं आणि त्याला काखेत धरून खाली ओढलं. स्वेटशर्ट डोक्यातून निघेना, तिने जोर लावला तेव्हा शिवण उसवली. आतलं प्लॅस्टिक घामाने अंगाला चिकटलं होतं, आत मलम वितळून दुधासारखं झालं होतं.

"काय करतेस? लोक बघतायत!" वार्तुही गाडीतून ओरडल्या.

"फोन करा! रुग्णवाहिका बोलवा!" शुशानने नखांनी प्लॅस्टिक फाडलं आणि तिथल्या माणसाच्या हातातला पाण्याचा पाइप हिसकावून घेतला. "नुसतं पाणी सोड, साबण नको!"

त्या माणसाने काही न विचारता नळ फिरवला. ती एका हाताने पाणी मारत होती, दुसऱ्याने चोळत होती. मलम पांढऱ्या ओघळांनी नालीकडे चाललं होतं. आणि झावेनची पाठ तिच्या हाताखाली एकाएकी लाकडासारखी ताठ झाली. तो आडवा झाला. त्याचे दात एकमेकांवर घासण्याचा आवाज तिला पाण्याच्या आवाजावरून ऐकू आला. टाचा सिमेंटवर आपटत होत्या. डोळे उघडे होते आणि त्यात कोणी नव्हतं.

तिला वाटलं होतं की अशा वेळी आपण किंचाळू. तिने पाइप टाकला, त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला पाय सरकवला. बाळासाठी म्हणून घेतलेल्या प्रथमोपचाराच्या वर्गात शिकवलेलं सगळं ती मोठ्या माणसावर करत होती.

रुग्णवाहिका सहा मिनिटांत आली.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर बाई पडद्याबाहेर आल्या. "भुलीचं मलम म्हणालात. त्यात औषध किती टक्के? नाव काय?"

शुशानने पिशवीतून बरणी काढून दिली. डॉक्टरांनी ती फिरवली, पुन्हा फिरवली. "यावर काहीच नाही."

"नाही."

"किती लावलं?"

"थोडंसंच," वार्तुही मध्येच म्हणाल्या. बाळ त्यांच्या खांद्यावर झोपलं होतं. "नावाला लावलं होतं, डॉक्टर. सगळेच लावतात. ती बाई माझी बालपणीची मैत्रीण आहे."

डॉक्टर शुशानकडे पाहत राहिल्या. शुशानने सासूबाईंकडे पाहिलं नाही.

"थोडंसं नाही. बरणीभर. सगळी पाठ, छाती, पोट. त्वचा आदल्या दिवशीच तासलेली होती. दोन थर, वर प्लॅस्टिक, वर जाड कपडा. एक तास दहा मिनिटं." तिचा आवाज कोरडा होता, तोंडपाठ केल्यासारखा. "मी लावलं."

डॉक्टर पुढचं न ऐकताच आत पळाल्या. "लिपिड आणा!" असा त्यांचा आवाज आला. पडद्याच्या फटीतून शुशानने पाहिलं, झावेनच्या छातीवर मशीनच्या तारा चिकटवल्या होत्या, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, आणि कोणीतरी त्याच्या डोक्याशी एक पिशवी टांगत होतं. पिशवीत दाट पांढरं काहीतरी होतं. अगदी दुधासारखं. ते नळीतून त्याच्या हाताच्या शिरेत उतरत होतं. रक्तात दूध सोडतायत, असं तिला वाटलं आणि त्याच क्षणी तिचा कुर्ता पुढून ओला झाला. नारेकला पाजण्याची वेळ टळून गेली होती.

नंतर नर्सने सांगितलं की ती चरबी असते, मलमातून रक्तात गेलेलं विष शोषून घेते. नंतर हेही सांगितलं की अजून दहा मिनिटं प्लॅस्टिक राहिलं असतं तर हृदय थांबलं असतं.

झावेनने डोळे उघडले तेव्हा एक वाजायला आला होता. त्याने शुशानला ओळखलं. मास्कआडून विचारलं, "झालं का? दुखलं नाही मला काही."

तिला हसायचं होतं. ती पलंगाशी बसली आणि त्याची नखं एकेक करून तपासायला लागली.

वार्तुही पलंगाच्या पायाशी उभ्या होत्या. लेकाच्या पायावर त्यांनी हात ठेवला होता आणि त्या हाताकडेच बघत होत्या, मलम पुसलेल्या त्या बोटाकडे. त्यांचा फोन वाजला. सिरानुश होती. सवयीने त्यांनी स्पीकर चालू केला.

"अगं वार्तुही, येताय की नाही? तासभर वाट बघतेय मी. आता दोन वाजता लुसिने यायचीय, पुढच्या शनिवारी लग्न आहे तिचं. दोन्ही पाय, हात, पाठ, सगळं करायचंय. बिचारी घरी गुंडाळूनच बसली असेल आता..."

शुशानने मान वर केली. दोघींची नजर एकमेकींना भिडली.

"कुठलं मलम दिलंस तिला?" वार्तुहींनी विचारलं.

"तेच गं. का?"

"सिरानुश, माझा लेक हॉस्पिटलात आहे. मी माझ्या हाताने दुसरा थर दिला त्याला. फोन ठेव."

त्यांनीच ठेवला. लुसिनेच्या आईचा नंबर त्यांना पाठ होता, पण बोट तीनदा चुकलं. शेवटी शुशानने फोन घेतला, नंबर लावला आणि त्यांच्या तोंडापुढे धरला.

"आर्मिने, मी वार्तुही. लुसिने कुठेय? सोफ्यावर? बोलतेय ना ती नीट? हसू नकोस, ऐक. तिच्या अंगावरचं प्लॅस्टिक काढ. आत्ता. हो, सगळं. सिरानुशने काय सांगितलं ते मला माहीत आहे, मी पन्नास वर्षं ऐकतेय तिचं. तिला न्हाणीघरात ने... नाही, मी फोन ठेवणार नाही. तू पाणी सोड. मला आवाज ऐकू दे."

पलीकडे पावलं वाजली. दार उघडलं. कोणीतरी कुरकुर केली. वार्तुही आणि शुशान एकाच फोनला दोन बाजूंनी कान लावून उभ्या राहिल्या. शेवटी पाण्याची धार फरशीवर पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एका मुलीची किंकाळी, "आई गं, केवढं गार आहे!"

"ओरडू दे," वार्तुही म्हणाल्या. "चोळत राहा."