सात मिनिटांची बॅटरी

मंगळवारी सकाळी मनिषानं स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर क्लासचा मेन स्विच खाली ओढला आणि मोबाईलवर वेळ लावली. पंखे थांबले. इन्व्हर्टर गुणगुणायला लागला, चारही कॉम्प्युटर चालू राहिले, आणि तिचा जीव भांड्यात पडला. पण पाचव्या मिनिटाला इन्व्हर्टर टुकटुक करायला लागला, आणि सातव्या मिनिटाला चारही स्क्रीन एकदम काळ्या झाल्या.

गुरुवारी दुपारी दोन वाजता ऑनलाईन बुद्धिबळाची जिल्ह्याची फायनल होती. निरवांगी गावच्या चार मुली पुण्याच्या एका क्लबशी खेळणार होत्या. टायपिंगचा कंटाळा आला की मुलींना जरा विरंगुळा म्हणून मनिषानं पट मांडला होता, तो बघता बघता इथवर आला होता. नियम कडक होता. कॉम्प्युटर बंद पडला तरी खेळाडूचं घड्याळ पळतच राहणार. आणि मंगळवारी सकाळीच वीज कंपनीचा मेसेज येऊन पडला होता, गुरुवारी दुपारी एक ते पाच दुरुस्तीसाठी वीज बंद.

तिचे सासरे मानसिंग आबा झाडू ठेवून आत आले. आबांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं फिरण्यात गेलं होतं. आता क्लासचं कुलूप, झाडलोट आणि बॅटरी ही त्यांची कामं. त्यांनी बॅटरीवर हात ठेवला आणि झटकन मागं घेतला.

"तापलीय गं. पानी तर मी दर सोमवारी घालतोय."

"कुठलं पाणी, आबा?"

"आपल्या बोअरचं. दुसरं कुठलं?"

मनिषानं टोपण उघडून टॉर्च मारला. आत पांढरा थर साचला होता, घागरीच्या बुडाला बसतो तसाच. तिच्या चेहऱ्यावरून आबांना कळायचं ते कळलं.

"म्हंजी मीच मारलं का हिला?"

"चूक माझी हाय, आबा. हिला डिस्टिल्ड पाणी लागतं, दुकानात बाटलीत मिळतं ते. मी तुमाला सांगितलंच न्हाय."

बुधवारी सकाळी बारामतीला निघालेल्या पिकअपमध्ये मनिषाच्या आधी आबाच जाऊन बसले.

बारामतीत जोतीरामचं बॅटरीचं दुकान होतं. मनिषानं कागद पुढं ठेवला. प्रत्येक कॉम्प्युटर किती वीज खातो ते तिनं रात्री मीटर लावून मोजलं होतं. चार कॉम्प्युटर आणि इंटरनेटचा डबा मिळून चारशे वॅट. डाव लांबले तरी पुरावं म्हणून चालायला हवं किमान अडीच तास.

"चार छोटे यूपीएस न्या, ताई. टेबलाखाली बसतात," जोतीराम म्हणाला.

"ते पंधरा-वीस मिनिटं टिकतात. काम सेव्ह करून बंद करायला ठीक हायत. मला डाव संपवायचाय."

मग त्यानं मोठा इन्व्हर्टर आणि उंच बॅटरी दाखवली. ही तीन तास आरामात ओढेल, म्हणाला. मनिषानं त्याच्या गल्ल्यावरचा कॉम्प्युटर त्या इन्व्हर्टरला जोडायला लावला आणि इन्व्हर्टरची भिंतीतली पिन स्वतः उपटली. त्यालाच जोडलेला दुकानातला बल्ब नुसता लुकलुकला, पण कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

"हे न्हाय चालायचं," ती म्हणाली.

जोतीराम ओशाळला. त्यानं इन्व्हर्टरच्या मागचं एक बारकं बटण दुसऱ्या बाजूला केलं. "हे यूपीएसवर ठेवायचं राहिलं. पंखे-बल्ब असले तर वीज गेल्यावर बॅटरीवर यायला थोडा उशीर चालतो. कॉम्प्युटरला तेवढाही दम नसतो."

मनिषानं पुन्हा पिन उपटली. स्क्रीन हललीसुद्धा नाही. तिनं पुन्हा उपटून बघितली, मग आणखी तीनदा.

तोवर आबा खाली बसून बॅटरी निरखत होते. पाणी कधी, किती, कुठवर, त्यांनी जोतीरामला सगळं दोनदा वदवून घेतलं. टोपणातली तरंगती काडी खालच्या खुणेवर आली तरच डिस्टिल्ड पाणी घालायचं, वरच्या खुणेपुढं एक थेंबही नको. वायरींच्या तोंडाला पांढरं धरलं तर पुसून व्हॅसलीन लावायचं. बॅटरी उघड्या हवेशीर जागी ठेवायची. "आणि ठरलेल्या लोडच्या वर काही जोडायचं न्हाय," जोतीराम म्हणाला. "जोडलं की इन्व्हर्टर आधी ओरडतो, मग सगळंच बंद करतो."

गुरुवारी सकाळी क्लासात नवी बॅटरी भरल्याचा हिरवा दिवा लागला. आबांनी खिडकीखाली बॅटरीशेजारीच घोंगडी टाकली आणि तिच्यावर ठाण मांडलं.

एक वाजला तरी वीज गेली नाही. दोनला डाव सुरू झाले, तरी पंखे फिरतच होते. मेसेज खोटा निघाला म्हणून मनिषा निवांत होणार, एवढ्यात दोन चाळीसला पंखे थांबले. ती श्वास रोखून उभी राहिली. चारही पट जसेच्या तसे होते. श्रेया, निकिता, प्रगती, सोनल, एकीनंही मान वर केली नाही. वीज गेल्याचं त्यांना कळलंच नव्हतं.

निकिता जिंकली. सोनल हरली. प्रगतीचा डाव बरोबरीत सुटला. दीडला दीड. राहिली एकटी श्रेया, एक हत्ती आणि एक प्यादं घेऊन. तिच्या घड्याळात दोन मिनिटं उरली होती. दारात अर्धं गाव जमलं होतं आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

त्याच गर्दीतून शेजारचे बापूसाहेब सातबाऱ्याची प्रिंट काढायला आत आले. प्रिंटर बंद दिसला म्हणून त्यांनी त्याची पिन भिंतीतून काढली आणि कॉम्प्युटरच्या बोर्डावर मोकळी जागा दिसली तिथं खोचली. प्रिंटर घरघरला आणि इन्व्हर्टर किंचाळायला लागला.

मनिषा खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती. मधे बाकं, मुली, माणसं. ती वळेपर्यंत आबा घोंगडीवरून उठलेसुद्धा होते. सत्तरीतल्या माणसानं दोन ढांगांत बोर्ड गाठला आणि प्रिंटरची पिन उपटून हातात धरली. किंचाळणं थांबलं. चारही स्क्रीन चालूच होत्या.

"बापूसाहेब, सातबारा कुठं पळून जात न्हाय," आबा हळू आवाजात म्हणाले. "गप बसा हितं."

बापूसाहेब मुकाट्यानं घोंगडीवर बसले.

श्रेयानं प्यादं एक घर पुढं सरकवलं. समोरच्यानं राजा आडवा आणला. तिनं हत्ती पट्टीच्या टोकाला नेला आणि शह दिला. राजाला बाजूला व्हावंच लागलं. प्यादं पुढं गेलं, पुन्हा पुढं गेलं, शेवटच्या घरात पोचून वजीर झालं. तिच्या घड्याळात एकोणीस सेकंद होते. समोरच्यानं डाव सोडला.

क्षणभर कुणालाच समजलं नाही. मग प्रगतीनं बाकावर चढून "जिंकलो" म्हटलं आणि सगळी खोली उसळली. मनिषाला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. चौघी मुली चपलासुद्धा न घालता बाहेर पळाल्या. श्रेयाची आई सिंधुबाई ओढ्यापलीकडं डाळिंबाच्या बागेत कामाला होती, तिला आधी सांगायचं होतं. त्यांच्यामागं गल्लीतली पोरं, पोरांमागं बापूसाहेब आणि दारातली गर्दी.

खोलीत मनिषा आणि आबा उरले. ती एकेक कॉम्प्युटर नीट बंद करत गेली. श्रेयाच्या स्क्रीनपुढं आबा तिला थांब म्हणाले, स्टूल ओढून बसले आणि पटाकडं बोट दाखवत म्हणाले, "ही एवढीशी सोंगटी वजीर कशी झाली, ते मला पयल्यापासनं सांग."

मनिषा शेजारी बसली आणि डाव पुन्हा पहिल्या खेळीवर नेला. ओढ्याकडून पोरींचा कल्ला ऐकू येत होता.