निंबावरचा झोका

साहेब, तो निंब तुम्ही तोडला. रस्ता रुंद करायचा म्हणून तोडलात, आणि रस्ता गेला पलीकडच्या अंगानं. तुमच्या एका सहीनं काय आडवं झालं, ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. मी सांगतो.

यशोदाबाई धुळ्याच्या एका खानावळीत पोळ्या लाटते. वय पन्नाशीपुढं. दिवसभर बसून गुडघे आखडले, साखर वाढली. दवाखान्यातली सारिका सिस्टर व्यायाम सांगून सांगून थकली. शेवटी म्हणाली, "मावशी, डोळे मिटा. समजा, तुम्ही समुद्रकिनारी पळताय. दिसतंय?"

"मी समुद्र देखेल नही वं, बाई."

"मग तुम्हाला जे करावंसं वाटतं, ते बघा."

यशोदाबाईनं डोळे मिटले आणि गालात हसली. "झोका. आखाजीना."

तिचं माहेर धरणगावकडं, गिरणाकाठी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी यायच्या आणि त्याच निंबाला झोका बांधायच्या. खेळायचा तो उभ्यानं. गुडघे वाकवायचे, ताठ करायचे, की झोका चढायचा. पार वर गेलं की गिरणा दिसायची.

"अहो, हाच तर व्यायाम," सिस्टर म्हणाली.

त्याच संध्याकाळी यशोदाबाई दाराची चौकट धरून, डोळे मिटून वाकायला लागली. नवरा सुकलाल बघतच राहिला.

"काय करी राहिनी वं? चौकट उखडशी."

"गप बठ. मी झोकावर शे."

आधी जेमतेम वाकायची. मग रोज थोडी जास्त. कानात वारा भरायला लागला, पदर फडफडायला लागला. एकदा तव्यापुढंच डोळे मिटले. पोळी करपली, मालकाची बोलणी खाल्ली, तरी हसत होती. साखर उतरली. दवाखान्याचा जिना ती न थांबता चढून गेली. सुकलाल खालीच धापा टाकत म्हणाला, "थांब वं, मी म्हातारा शे."

आखाजीला ती नवाकोरा दोर पिशवीत घालून माहेरी उतरली. एसटीतून उतरताच पाय निंबाकडं वळले. तिथं नुसतं गुडघाभर खोड उरलं होतं.

भावजय इंदिराबाई मान खाली घालून म्हणाली, "तुले सांगं नही, अक्का. मंग तू कसाले येशी?"

यशोदाबाईनं पिशवी खाली ठेवली. कुणाचा हात न धरता खोडावर चढली. दोन्ही मुठी वर धरल्या, डोळे मिटले, आणि गुडघे वाकवले. पोरीसोरी फिदीफिदी हसल्या. ती थांबली नाही. वाकायची, उठायची, वाकायची, उठायची. हसणं आपोआप विरलं. इंदिराबाई मागं जाऊन उभी राहिली आणि झोक्याला देतात तसा तिच्या पाठीला हलका हात द्यायला लागली.

"गिरणा दिसस का, अक्का?"

"आजून नही. जोरमा ढकल."

साहेब, तो दोर अजून तिच्या पिशवीतच आहे. पुढच्या आखाजीला तो कुठं बांधायचा? उत्तर द्या.