लाल चावी

माझी किडनी माझ्या धाकट्या भावाला चालेल असं कळलं, तेव्हा आम्हा दोघांचंही तोंड कडू झालं. आम्ही एकाच लाँड्रीत दिवसभर समोरासमोर उभे असतो, पण वडील गेल्यापासून एकमेकांशी बोलत नाही. त्याला सगळं मशीनवर धुवायचं असतं, मला त्या मशीनचा आवाजही सहन होत नाही. जे सांगायचं ते आम्ही इस्त्रीवाल्या काकांना सांगतो. काका बिचारे दोन्हीकडून शेकून निघतात.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. "वजन उतरवा, रक्तदाब खाली आणा. रोज दम लागेपर्यंत चाला. पुढच्या तपासणीत पास झालात तर किडनी देता येईल, नाहीतर नाही."

बाहेर आल्यावर धाकटा भिंतीकडे बघत म्हणाला, "मला कुणाची मेहेरबानी नकोय."

"मेहेरबानी कोण करतंय?" मी जिन्याला म्हटलं. "नवा माणूस ठेवला तर त्याला डाग ओळखायला शिकवत कोण बसणार?"

धाकटा डायलिसिसला गेला की दुकान माझ्या एकटीच्या गळ्यात. पहाटे शटर वर गेलं की रात्रीच खाली यायचं, मग फिरायला जाणार कधी? म्हणून मी मागच्या खोलीत एक जुनी ट्रेडमिल आणून ठेवली. तिला एक लाल चावी असते. ती खाचेत बसवल्याशिवाय पट्टा हलत नाही. मी जेमतेम आठवडाभर चालले असेन, आणि एका सकाळी चावी गायब.

"काका, त्याला विचारा, चावी कुठाय?"

काकांनी विचारलं.

"तिला म्हणावं, मी काय चाव्या खातो?" धाकटा म्हणाला.

माझं डोकं फिरलं. चोरी तर केलीच, वर ही मिजास. मी दोरीच्या उड्या मारायला घेतल्या, तर ओल्या फरशीवर अशी आपटले की दोन दिवस कंबर शेकत बसले. माळ्याच्या शिडीवर चढ-उतर सुरू केली, तर वरची सगळी धूळ धुतलेल्या चादरींवर. काका कधी नव्हे ते माझ्यावर खेकसले. मग गल्ल्यामागे जागच्या जागी धावून पाहिलं. एका गिऱ्हाइकाने आत डोकावून विचारलं, "काही पेटलंय का आत?"

शेवटी माझी नजर मागच्या हौदावर गेली. मशीन यायच्या आधी वडील त्यात ब्लँकेटं तुडवायचे. मशीन आल्यावर धाकट्याने त्यात रिकामी खोकी भरून ठेवली होती. मी खोकी उचलून त्याच्या खुर्चीवर रचली, हौद घासला, पाणी सोडलं, साबण टाकला आणि ब्लँकेटं भिजवून आत उतरले. ओलं ब्लँकेट पायाला धरून ठेवतं. गुडघा वर उचलायचा म्हणजे नाकीनऊ येतात. थोड्याच वेळात छाती धपापायला लागली. मला हेच तर हवं होतं.

"तिला सांगा, हे दुकान आहे, सर्कस नाही," दारातून आवाज आला.

"त्याला सांगा, तिकीट नाही, फुकट बघ," मी म्हटलं आणि आणखी जोरात तुडवलं.

त्याच आठवड्यात मला चावी सापडली, त्याच्याच शर्टाच्या खिशात. कपडा पाण्यात टाकण्याआधी खिसे उलटे करायचे, हे आम्हा दोघांना अक्षरओळखीच्या आधी शिकवलं होतं. लाँड्रीत वाढलेल्या माणसाने धुवायच्या शर्टात चोरीचा माल ठेवावा? आजाराने त्याचं डोकं किती थकलंय, ते मला तेव्हा दिसलं. पण मी चावी ट्रेडमिलला लावली नाही. लावली असती तर त्याने वायरच कापली असती. मी शर्ट धुतला, काकांकडून कडक इस्त्री करून घेतली आणि चावी परत खिशात ठेवून दिली.

त्याने खिसा चाचपला, माझ्याकडे पाहिलं, मान फिरवली. पुढच्या धुण्यात चावी पुन्हा खिशात होती, आणि त्याच्या पुढच्याही. आता तो विसरत नव्हता. मीही दर वेळी ती परत ठेवत होते, आणि हौदात उतरत होते.

तपासणीत मी पास झाले. ऑपरेशनची तारीख ठरली. त्या संध्याकाळी मागच्या खोलीत गेले, तर चावी ट्रेडमिलच्या खाचेत. धाकटा बाजूला उभा होता.

"आता कशाला?" मी विचारलं. मध्ये काका नव्हते, हे नंतर लक्षात आलं.

"ऑपरेशन झाल्यावर चालायला लावतात. दोघांनाही."

"मग आधी का नाही चालू दिलंस?"

"आई ऑपरेशनच्या टेबलावरून उठली नाही," तो ओरडलाच. "तूही उठली नाहीस तर मी कुणाशी भांडू?"

मी जास्तच चिडले. "ट्रेडमिल मी आणलीय. आधी मी चालणार."

"आधी कोण उठतंय ते बघू."

"तूच ऊठ आधी, मेल्या," मी म्हटलं आणि त्याला माझं तोंड दिसायच्या आत दिवा बंद केला.